पाचवे नाणे

चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीच्या जंगलातून एखादा तरुण वाघ निघतो, वैनगंगा ओलांडतो आणि गडचिरोलीच्या जंगलात नवा मुलूख शोधतो. उद्या ही वाट बंद झाली, तर एकाकी पडलेल्या लहान जंगलातील वाघांचे शंभर वर्षांत काय होईल? हा प्रयोग खऱ्या जंगलात करता येत नाही, कारण निकाल वाईट निघाला तर वाघ परत आणणार कोठून? म्हणून शास्त्रज्ञ संगणकात लुटुपुटीचे जंगल वसवतात. यालाच सिम्युलेशन म्हणतात.

मात्र अशा खेळातून मिळालेले आकडे गोळा कसे करायचे आणि वाचायचे कसे, हे समजायला हवे. त्यासाठी संगणकच हवा असे नाही. वर्गात एक नाणे पुरते.

समजा, एका जंगलात चारच वाघ उरले आहेत. नाणे चार वेळा उडवू. छापा म्हणजे नर, काटा म्हणजे मादी. चारही वेळा एकच बाजू आली, तर पुढची पिढी नाही. ते जंगल ‘संपले’. वर्गातील ४० विद्यार्थ्यांनी हा खेळ एकेकदा खेळावा आणि निकाल फळ्यावरील तक्त्यात लिहावा. कोणाचाही निकाल ‘विचित्र आला’ म्हणून गाळू नये.

गणिताप्रमाणे आठांत एक, म्हणजे ४० पैकी ५ जंगले संपायला हवीत. प्रत्यक्षात कधी ३ संपतील, कधी ७. यात कोणाची चूक नाही. ४० खेळांत साडेबारा टक्के हे उत्तर साधारण पाच टक्क्यांनी इकडेतिकडे हलते. खेळ शंभरपट केले, म्हणजे ४,००० केले, तर हा हेलकावा दहावा हिस्सा, अर्ध्या टक्क्यावर येतो. म्हणूनच संगणकावर एकच सिम्युलेशन हजारो वेळा चालवतात आणि सरासरीबरोबर निकालांचा पसाराही नोंदवतात. एका फेरीचा निकाल म्हणजे एका विद्यार्थ्याचे नाणे!

पण नाणेच खोटे असेल तर? मग ४,००० वेळा उडवूनही चुकीचेच उत्तर मिळेल, फक्त अधिक ठामपणे. खेळांची संख्या वाढवून गृहीतकातील चूक दुरुस्त होत नाही. म्हणून काय गृहीत धरले, सुरुवात किती वाघांपासून केली, हे प्रत्येक निकालाशेजारी लिहावेच लागते आणि ती गृहीतके जंगलातूनच यावी लागतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. त्यामुळे ताडोबात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतून वाघ ओळखता व मोजता येतात.

बंगळुरूच्या प्राची थत्ते, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्य भारतातील वाघांची जनुकीय माहिती वापरली. वाघ कोणत्या जमिनीतून सहज जातात व कोठे अडतात, हे त्यावरून ठरवून त्यांनी २१०० सालापर्यंतच्या अनेक शक्यता संगणकावर चालवून पाहिल्या. जंगलांना जोडणाऱ्या वाटा तुटल्या, तर लहान, एकाकी जंगलांतील वाघ नाहीसे होण्याचा धोका वाढतो, असे त्यांना आढळले.

हेही फळ्यावर पडताळता येईल. चार वाघांच्या जंगलात बाहेरून एकच वाघ आला असे धरू आणि नाणे पाचव्यांदा उडवू. आता पाचही वेळा एकच बाजू येण्याची शक्यता सोळांत एक. धोका निम्मा झाला! मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडल्या, तेव्हा माणसाने असेच जादा नाणे हाताने टाकले. वाट मोकळी असेल, तर वाघ ते स्वतःच टाकतो.