डॉक्टर घडतो कुणाच्या पैशानं?

जून महिना आला की आमच्या नागपुरात उकाडा आणि निकाल बरोबरच येतात. कुणाच्या घरी पेढे, कुणाचं दार दिवसभर बंद. वटपौर्णिमेला वडाभोवती जमलेल्या बायकांत सुद्धा दोरा गुंडाळता गुंडाळता हाच विषय! ‘नीट’मध्ये किती मार्क, मेडिकल मिळेल की मेयो, की चंद्रपूर-गोंदियाला जावं लागेल, की शेत विकून खाजगीत भरायचे? आणि ज्यांच्या मुलाला सरकारी कॉलेज मिळतं त्यांच्याविषयी एक वाक्य हमखास कानावर येतं, “नशीब काढलं हो, फुकटात डॉक्टर होणार!”

हे ‘फुकट’ मला नेहमी खटकतं. घर चालवणाऱ्या बाईला फुकट काही नसतं हे ठाऊक असतं. एक वस्तू स्वस्त मिळाली तर तिची उरलेली किंमत दुसऱ्या कुणीतरी चुकवलेली असते. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप. त्यासाठी लागणारे प्राध्यापक, प्रयोगशाळा, शेकडो खाटांचं रुग्णालय, औषधं, परिचारिका. विद्यार्थ्याची फी या खर्चाच्या कोपऱ्यालाही पुरत नाही. बाकीचं सगळं सरकारी तिजोरीतून येतं. आणि तिजोरीत काही फक्त धंतोली-रामदासपेठेतल्या बंगलेवाल्यांचाच पैसा नसतो. साबणाच्या वडीवरचा कर तुम्ही भरता, मी भरते, आणि भामरागडच्या बाजारात तीच वडी विकत घेणारी माडिया बाईसुद्धा भरते. तिच्या पैशानं शिकलेला डॉक्टर मग दवाखाना कुठे थाटतो? रामदासपेठेत! तिच्या वाट्याला काय आलं, हा हिशेब कुणी मांडायचा?

सरकारनं तो अगदीच मांडलेला नाही असं नाही. आपल्या राज्यात सरकारी महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्या मुलांना एक वर्ष सरकारी सेवेचा करार, म्हणजे ‘बाँड’, लिहून द्यावा लागतो. पुढे एम.डी., एम.एस. केलं तर आणखी एक वर्ष. पण बरीच वर्षं या करारात एक पळवाट होती: एम.बी.बी.एस.ला १० लाख आणि पदव्युत्तरला ५० लाख दंड भरला की मोकळं होता येत असे. म्हणजे ऐपत असेल त्यानं सुटायचं आणि नसेल त्यानं खेड्यात जायचं. अशानं खेड्यात जाणं ही शिक्षाच ठरली की! (हे नियम अधूनमधून बदलतात. मुलाचा प्रवेश घेताना त्या वर्षीचा करार नीट वाचून घ्या. आपण फ्रिजचं गॅरंटी कार्ड वाचतो, हा कागद मात्र न वाचता सही करतो.)

दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेच्या मुलीला गडचिरोलीच्या दक्षिणेकडचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. घरात रडारड. “वहिनी, दागिने मोडते, पण पोरीला तिकडे पाठवत नाही,” असं नणंद म्हणाली. तिचं काय चुकलं? तेवीस वर्षांची मुलगी, जंगल, नक्षलवाद्यांच्या बातम्या. आईचं काळीज ते. मुलगी मात्र हट्टानं गेली. तिथे गेल्यावर तिला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टींची. राहायच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती, संडासात पाणी नव्हतं, आणि पुस्तकात वाचलेल्या बाळंतपणात अडचण आली तर विचारायला वर कुणी नव्हतं. “मामी, शिकवलं ते सगळं मोठ्या हॉस्पिटलातलं. इथे भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, नदी चढली की रस्ता नाही. आम्हाला यातलं कुणी शिकवलंच नाही,” असं तिनं मला फोनवर सांगितलं. पहिल्याच आठवड्यात तिनं कडी स्वतः बसवून घेतली, आपल्या पैशानं.

मला वाटतं, प्रश्नाचं मूळ तिच्या या बोलण्यात आहे. डॉक्टर घडवायचा शहरात, शहराच्या पद्धतीनं, आणि मग दंडाच्या धाकानं जंगलात सोडायचा! माशाला झाडावर चढवण्यातलाच प्रकार.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, “मग डॉ. प्रकाश आमटे कसे गेले?” खरंच गेले. प्रकाशभाऊ आणि मंदाताई हेमलकशाला गेले ते नागपूरच्या मेडिकलमधूनच. लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला १९७३ साली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगही इथलेच विद्यार्थी. त्यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली आणि गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करता येतात हे जगाला दाखवून दिलं. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे गेले तेही इथूनच. या माणसांपुढे हात जोडावे तेवढे थोडेच. पण संतांच्या भरवशावर सरकारी योजना आखता येत नाही. साध्यासुध्या, लग्न करून संसार थाटू पाहणाऱ्या, मुलांच्या शाळेची काळजी करणाऱ्या डॉक्टरालाही तिथे राहता आलं पाहिजे.

तसं करून बघण्याचा एक प्रयोग आपल्या शेजारीच आहे. नागपूरहून सकाळच्या गाडीनं निघालं की दुपारच्या जेवणाच्या आत सेवाग्राम गाठता येतं. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. सुशीलाबहेन स्वतः गांधीजींच्या डॉक्टर, पुढे केंद्रात आरोग्यमंत्री. त्यांना मुंबई-दिल्लीत कॉलेज काढता आलं नसतं का? त्यांनी खेडं निवडलं. पैशाची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे: निम्मा खर्च केंद्र सरकारचा, पाव राज्य सरकारचा आणि पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा. नवी मुलं आली की त्यांना पहिले काही दिवस आश्रमात राहावं लागतं. झाडलोट, सूतकताई, प्रार्थना. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे मुक्काम करते, आणि एकेका विद्यार्थ्याकडे काही घरं सोपवलेली असतात. कुणाच्या घरी पाणी कुठून येतं, सून गरोदर असताना काय खाते, हे त्यांना वहीत लिहावं लागतं. इथे पदव्युत्तर प्रवेश हवा असेल तर आधी २ वर्षं खेड्यात काम केलेलं असलं पाहिजे अशी अटही पूर्वी होती. पुढे सगळ्या देशाची एकच परीक्षा आली नि अशा घरच्या अटी मागे पडल्या.

दूरच्या जपाननं तर याहून पक्की गाठ मारली. तिथल्या सगळ्या प्रांतांनी मिळून १९७२ मध्ये ‘जिची’ नावाचं एक वैद्यकीय विद्यापीठ काढलं. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं घेतात. फीचे पैसे कर्जाऊ मिळतात, आणि शिकून आपल्याच प्रांतात, सांगतील तिथे, ९ वर्षं काम केलं की कर्ज माफ. गंमत म्हणजे मुलगा परक्या मुलुखात जात नाही, आपल्याच माणसांत परततो. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१० साली सगळ्या देशांना हाच सल्ला दिला: खेड्यातली मुलं घ्या, खेड्याजवळ शिकवा, आणि तिथे राहायची सोय नीट करा.

आपल्याकडेही आता चंद्रपूर, गोंदियापाठोपाठ २०२४ मध्ये गडचिरोलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आनंदाची गोष्ट आहे. तिथल्या पहिल्या तुकडीला इंटर्नशिप संपवून बाहेर पडायला २०३० उजाडेल. पण ती मुलं कुठली? पूर्वी राज्यात आपल्या विभागातल्या मुलांसाठी ७० टक्के जागा असत. ते सूत्र २०२० मध्ये रद्द झालं. आता गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईचं कुणी वर असलं तर गडचिरोलीची जागा त्याची. त्यानं यावं, जरूर यावं. पण धानोऱ्याच्या, एटापल्लीच्या पोरीसाठी काही जागा राखल्या, आणि तिच्याकडून जपानसारखा करार करून घेतला, तर काय बिघडेल? तिथली भाषा तिला येते, पावसाची सवय असते, आणि तिच्या आईला काही दागिने मोडावे लागणार नाहीत. आदिवासींसाठी राज्यभर राखीव जागा आहेत हे मला माहीत आहे. पण त्यांत तालुक्याचा विचार नाही, आणि परत जाण्याचा तर नाहीच.

माझी भाची वर्ष पूर्ण करून परतली. आता एम.डी.साठी शिकतेय. तिच्या जागी चार महिने कुणी आलं नव्हतं. तिथली नर्स तिला अजूनही रात्री-बेरात्री फोन करते. “मॅडम, आठवा महिना आहे, बीपी १६० वर गेलंय, डोकं दुखतं म्हणते.” होस्टेलच्या जिन्यात उभी राहून ही सांगते, “मॅग्नेशियमचा पहिला डोस दे आणि लगेच गाडी काढ.” मग अर्ध्या तासानं, गाडी निघाली का ते विचारायला पुन्हा नंबर फिरवते. पावसाळ्यात तिथे बहुतेक वेळा रेंज नसते.