‘बेटर नोन’ म्हणजे ‘अधिक चांगले ओळखले जाणारे’ नव्हे

तंजावर येथील बृहदीश्वर मंदिराविषयीच्या इंग्रजी मजकुरात ‘बेटर नोन ॲज द बिग टेम्पल’ हा शब्दसमूह वारंवार आढळतो. त्याचे मराठी रूपांतर पुष्कळदा ‘मोठे मंदिर म्हणून अधिक चांगले ओळखले जाणारे बृहदीश्वर मंदिर’ असे केले जाते. येथे प्रत्येक इंग्रजी शब्दाला मराठी शब्द मिळाला आहे. तरीही वाक्य मराठी झालेले नाही. ओळखणे चांगले किंवा अधिक चांगले कसे असू शकेल, असा प्रश्न वाचकास पडतो.

चोल सम्राट पहिला राजराज याच्या काळात, इ. स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या या मंदिरास तमिळ भाषक ‘पेरिय कोविल’, अर्थात मोठे मंदिर, म्हणतात. बृहदीश्वर या नावापेक्षा हे नाव लोकांत अधिक रूढ आहे, इतकेच मूळ इंग्रजी शब्दसमूहास सांगावयाचे आहे. मंदिराच्या किंवा ओळखीच्या गुणवत्तेविषयी त्यात काहीही म्हटलेले नाही.

रचनेचे तीन घटक

इंग्रजीतील या रचनेत तीन घटक एकत्र येतात. पहिला तुलनावाचक क्रियाविशेषणाचा. उदाहरणार्थ बेटर, मोअर, लेस. दुसरा भूतकालवाचक धातुसाधिताचा; उदाहरणार्थ नोन, इन्फ्लुएन्स्ड, रूटेड. तिसरा शब्दयोगी अव्ययाचा; उदाहरणार्थ ॲज, फॉर, टू, बाय, इन.

पहिली अडचण ‘बेटर’ या शब्दातच आहे. हे रूप इंग्रजीत दोन शब्दांसाठी वापरले जाते. ‘गुड’ या विशेषणाचे ते तुलनावाचक रूप आहे, तसेच ‘वेल’ या क्रियाविशेषणाचेही. ‘वेल नोन’ याचा अर्थ पुष्कळांस ठाऊक असलेला, सुपरिचित, असा होतो. त्याची पुढील पायरी म्हणजे ‘बेटर नोन’. म्हणून येथे ‘चांगले’ हा शब्द गैरलागू असून ‘अधिक परिचित’ किंवा ‘अधिक रूढ’ हे योग्य ठरते.

तिसरा घटक कोणता असावा हे सामान्यतः धातुसाधित ठरवते. ‘रूटेड’ असल्यास ‘इन’ येते आणि मराठीत ‘मातीत रुजलेला’ अशी सप्तमी मिळते. ‘सुटेड’ असल्यास ‘टू’ किंवा ‘फॉर’ येते आणि मराठीत ‘प्रसंगाला साजेसा’ असे म्हणता येते. मागे मोअर किंवा बेटर जोडले तरी हे नाते बदलत नाही. मात्र ‘नोन’सारख्या काही धातुसाधितांपुढे अनेक अव्यये येऊ शकतात आणि प्रत्येक अव्ययानिशी वाक्याचा आशय पालटतो.

एक राजा, चार अव्यये

तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे यांचे उदाहरण घेता येईल. इ. स. १७९८ ते १८३२ हा त्यांचा राज्यकाळ. १७९९ च्या तहान्वये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयाचा सरफोजींनी मोठा विस्तार केला. तेथे संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांचा संग्रह आहे.

त्यांच्याविषयी ‘बेटर नोन फॉर हिज लायब्ररी’ असे लिहिल्यास ‘फॉर’ हे अव्यय प्रसिद्धीचे कारण सांगते. मराठीत ‘राज्यकारभारापेक्षा ग्रंथसंग्रहामुळे ते अधिक ख्यात आहेत’ असे म्हणावे लागेल. ‘बेटर नोन ॲज अ स्कॉलर’ म्हटल्यास भूमिका कळते: राजा म्हणून असलेल्या ख्यातीपेक्षा विद्वान म्हणून असलेली ख्याती मोठी. ‘बेटर नोन टू हिस्टोरियन्स’ म्हटल्यास ती ओळख कोणाच्या ठायी आहे ते कळते. सामान्य वाचकांपेक्षा इतिहासकारांना ते अधिक परिचित आहेत, असा त्याचा अर्थ.

चौथे अव्यय ‘बाय’ विशेष सावधगिरीची अपेक्षा करते. तंजावरच्या मराठा राज्याचे संस्थापक आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांचे दुसरे नाव एकोजी. ‘बेटर नोन बाय द नेम एकोजी’ या रचनेतील ‘बाय’ पाहून ‘कडून’ किंवा ‘द्वारा’ हे शब्द योजण्याचा मोह होतो. परंतु येथे ‘बाय’ कर्ता दाखवत नाही, नाव दाखवते. ‘एकोजी या नावाने अधिक परिचित’ हे त्याचे सरळ मराठी रूप होय.

या चारही वाक्यांत ‘दॅन’ हा शब्द नाही. तुलना मात्र आहे आणि ती कशाशी आहे, हे अव्यय सुचवते. ‘फॉर’ असल्यास दोन कारणांची तुलना, ‘ॲज’ असल्यास दोन नावांची किंवा भूमिकांची, ‘टू’ असल्यास दोन जनसमूहांची. इंग्रजी वाचक अनुक्त भाग मनात भरून घेतो. मराठीत नुसते ‘अधिक’ लिहिल्यास कशापेक्षा, ही विचारणा शिल्लक राहते. म्हणून तुलनेचा दुसरा पक्ष संदर्भावरून निश्चित करून तो स्पष्ट लिहिणे बहुधा श्रेयस्कर असते.

प्रभाव नेमका कोणावर?

‘दॅन’ प्रत्यक्ष आले तरी संदिग्धता टळते असे नाही. तंजावर परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरगुती बोलीवर तमिळचा ठसा आहे. तिच्याविषयी ‘मोअर इन्फ्लुएन्स्ड बाय तमिळ दॅन स्टँडर्ड मराठी’ असे लिहिले गेल्यास त्याचे दोन अर्थ संभवतात. पहिला, प्रमाण मराठीवर तमिळचा जेवढा प्रभाव आहे, त्याहून अधिक या बोलीवर आहे. दुसरा, या बोलीवर प्रमाण मराठीचा जेवढा प्रभाव आहे, त्याहून तमिळचा अधिक आहे.

‘दॅन’नंतर ‘बाय’ची पुनरुक्ती केल्यास केवळ दुसरा अर्थ उरतो. एका लहानशा अव्ययाच्या असण्या-नसण्यावर एका समाजाच्या भाषेविषयीचे विधान अवलंबून राहते. पहिल्या अर्थाने ही बोली मराठीचेच एक रूप असून शेजारच्या भाषेचा तिला सहवास लाभला आहे. दुसऱ्या अर्थाने ती प्रमाण मराठीपासून दुरावून तमिळकडे अधिक झुकली आहे. ही बोली बोलणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही.

‘तंजावरची मराठी प्रमाण मराठीपेक्षा तमिळने अधिक प्रभावित आहे’ असे शब्दशः भाषांतर केल्यास इंग्रजीतील संदिग्धता मराठीतही तशीच उतरते. मराठीत विभक्तीचा उपयोग करून ती दूर करता येते. ‘प्रमाण मराठीवरील प्रभावापेक्षा’ किंवा ‘प्रमाण मराठीच्या प्रभावापेक्षा’, यांपैकी एकाची निवड केली की अर्थ निश्चित होतो. ही निवड शब्दकोश करून देत नाही. ती मागील-पुढील वाक्ये वाचूनच करावी लागते.

मराठी आणि तमिळची समान पद्धत

बेटरसारखे तुलनेचे स्वतंत्र रूप मराठीच्या दैनंदिन वापरात नाही. ‘उच्चतर’, ‘प्रियतम’ ही संस्कृतातून आलेली रूपे आहेत. मराठी तुलना प्रामुख्याने ‘पेक्षा’ आणि ‘हून’ यांवर चालते, आणि ज्याच्याशी तुलना करावयाची तो शब्द सहसा आधी येतो. ‘पेक्षा’चे मूळ संस्कृत ‘अपेक्षा’ या शब्दात आहे.

तमिळमध्येही विशेषणाचे रूप बदलत नाही. तुलनेच्या शब्दास द्वितीयेचा प्रत्यय लावून पुढे ‘विड’ हा शब्द येतो. त्याचा संबंध ‘सोडणे’ या अर्थाच्या धातूशी आहे. भाषाकुले भिन्न असूनही तंजावरात नांदलेल्या या दोन भाषा तुलनेच्या बाबतीत एकमेकींच्या जवळ आहेत. वेगळी वाट इंग्रजीची आहे.

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याची तंजावरची परंपराही जुनी आहे. सरफोजींच्या काळात तेथे देवनागरी मुद्रणालय सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापनीतीच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बाळबोध मुक्तावली’ तेथे छापले गेले.

अशा रचनेचे भाषांतर करताना क्रम उलटा ठेवणे उपयुक्त ठरते. प्रथम शेवटचे अव्यय पाहावे, त्यावरून तुलनेचे दोन्ही पक्ष ठरवावेत आणि ‘बेटर’ किंवा ‘मोअर’ला मराठी शब्द सर्वांत शेवटी द्यावा. पुष्कळदा तो शब्द द्यावाही लागत नाही. ‘बृहदीश्वर मंदिर, म्हणजेच लोकांच्या तोंडचे पेरिय कोविल’ एवढे लिहिले तरी इंग्रजी शब्दसमूहाचा आशय पूर्णतः उतरतो.