एक औषध साडेआठ लाख डॉलरचं, एक सॉफ्टवेअर फुकट. सुरुवात दोघांचीही देणगीतून

दृष्टिहीन माणूस विंडोज कॉम्प्युटर कसा वापरतो हे तुम्ही पाहिलं नसेल, तर थोडक्यात सांगतो. माउस नाही, सगळं कीबोर्डवर. टॅब दाबला की स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम बोलतो, ‘सबमिट, बटण’. पुन्हा टॅब दाबला की पुढची गोष्ट. सराव झालेले लोक हा आवाज इतका फास्ट ठेवतात की नवख्या माणसाला एक शब्द कळत नाही. मी वेबसाइट बनवतो आणि आमच्या टीममध्ये रिलीजच्या आधी प्रत्येक पेज असं ‘ऐकून’ तपासण्याचं काम माझ्याकडे आहे. त्यासाठी मी वापरतो तो प्रोग्रॅम म्हणजे एनव्हीडीए. तो फुकट आहे आणि ‘फुकट’ म्हटलं की आपल्याला वाटतं, असेल कुठल्यातरी मोठ्या कंपनीचा. तसं नाही. तो देणगीवर चालतो.

२००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन या तरुणाने तो लिहायला घेतला. करन स्वतः दृष्टिहीन. त्या काळात विंडोजसाठी जॉज नावाचा स्क्रीन रीडर सगळ्यात जास्त वापरला जायचा, पण किंमत हजार डॉलरच्या घरात. म्हणजे कॉम्प्युटर घ्या आणि मग तो ‘बोलता’ करायला त्याहून जास्त पैसे मोजा. करनचा मित्र जेम्स टेह, तोही दृष्टिहीन, नंतर सोबत आला आणि दोघांनी मिळून एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था काढली. सुरुवातीच्या काळात मोझिला फाउंडेशनने अनुदान दिलं, पुढे मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांनीही पैसे दिले, आणि बाकी भर वापरणाऱ्यांच्या छोट्या देणग्यांची. आजही डाउनलोड पेजवर गेलात की आधी देणगी विचारतात. द्यायची नसेल तर पुढे जा, कुणी अडवत नाही.

आता आतली गंमत. स्क्रीन रीडर स्क्रीनवरचे पिक्सेल वाचत नाही. प्रत्येक ॲप ऑपरेटिंग सिस्टीमला आपली एक रचना कळवत असतं: इथे बटण आहे, त्याचं नाव हे, ते आत्ता दाबता येतं की नाही. स्क्रीन रीडर ही माहिती उचलतो, त्याचं वाक्य करतो आणि आवाज तयार करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे देतो. बटणावर नुसतं चित्र टाकून डेव्हलपरने नाव द्यायचा कंटाळा केला, तर ऐकू येतं फक्त ‘बटण’. कसलं बटण? देवाला ठाऊक. पैसे पाठवायच्या पेजवर हे झालं तर विचार करा.

ही रचना कळवण्याची पद्धत ब्राउझरच्या आणि ऑफिसच्या अपडेटमध्ये थोडीथोडी बदलत राहते. काल चालणारं आज मुकं होतं. म्हणून असा प्रोग्रॅम एकदा लिहून संपत नाही. पगारावर असलेली माणसं लागतात, दरवर्षी. आपल्याकडे देणगी म्हटलं की काठी, चष्मा, ब्रेल यंत्र वाटपाचा फोटो डोळ्यापुढे येतो. त्या वस्तू लागतातच, वाद नाही. पण कोड दुरुस्त करणाऱ्याचा मार्च महिन्याचा पगार फोटोत येत नाही आणि त्यासाठी पैसे मागणं कुणालाही जड जातं.

त्या पगारातून जे तयार होतं ते मात्र सगळ्यांचं असतं. एनव्हीडीएचा कोड जीपीएल लायसन्सखाली आहे. म्हणजे कुणीही तो घ्यावा, बदलावा, वाटावा. फक्त बदललेलं पुढे देताना तेही याच अटीवर. उद्या एनव्ही ॲक्सेस बंद पडली तरी कोड कुणी कुलपात ठेवू शकत नाही. पेन ड्राइव्हवर घालून कॉलेजच्या लॅबमधल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर, इन्स्टॉल न करता, तो चालतो. २०१९ मध्ये वेबएआयएमने स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचा सर्व्हे केला, त्यात एनव्हीडीए आणि जॉज दोघेही ४० टक्क्यांच्या आसपास होते, एनव्हीडीए किंचित पुढे.

आता दुसरं टोक. अमेरिकेत १९७१ पासून फाउंडेशन फायटिंग ब्लाइंडनेस ही संस्था आहे. पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, आनुवंशिक आजारांवरच्या संशोधनाला ती पैसे देते. असा एक आजार आरपीई६५ या जीनमधल्या बिघाडाने होतो. या जीनवरून बनणारं प्रथिन नसेल तर प्रकाश टिपणारं रसायन डोळ्यात पुन्हा तयार होत नाही आणि मूल लहानपणापासूनच दृष्टी गमावत जातं. उपाय असा की निरुपद्रवी केलेल्या विषाणूत चांगला जीन भरायचा आणि रेटिनाखाली इंजेक्शन द्यायचं. आधी हे कुत्र्यांवर झालं. लान्सलॉट नावाचा जन्मांध कुत्रा त्यातून बघू लागला आणि त्याला थेट अमेरिकी संसदेत नेऊन दाखवलं. तेव्हा या कामात पैसे घालायला कंपन्या रांगेत नव्हत्या. संस्थेने सुरुवातीच्या संशोधनाला सुमारे १ कोटी डॉलर दिले.

पुढे स्पार्क थेराप्युटिक्स या कंपनीने ते औषध पूर्ण केलं. डिसेंबर २०१७ मध्ये लक्स्टर्ना नावाने त्याला मंजुरी मिळाली. किंमत दोन डोळ्यांची मिळून ८,५०,००० डॉलर, त्या वेळच्या दराने पाच कोटी रुपयांहून जास्त. २०१९ मध्ये रोशने स्पार्कच विकत घेतली.

इथे कंपनीला शिव्या घालणं सोपं आहे. पण माणसांवरच्या चाचण्यांचा खर्च देणगीच्या आवाक्याबाहेरचा असतो आणि हा आजार इतका दुर्मीळ की अमेरिकेत रुग्ण एक-दोन हजार. कंपनी नसती तर औषध बहुधा कुत्र्यांपर्यंतच थांबलं असतं. मला खुपतं ते वेगळंच. सगळ्यात जोखमीच्या वेळी ज्यांनी पैसे टाकले, त्या सामान्य देणगीदारांचा शेवटच्या किमतीवर काहीच हक्क उरला नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही पहिल्या दिवशी लायसन्सची फाइल टाकतो. इथे तसं काही नव्हतं. २०१८ मध्ये त्याच संस्थेने वेगळा फंड काढला. तो कंपन्यांत गुंतवणूक करतो आणि नफा झाला तर तो परत संशोधनात जातो. किंमत त्याने कमी होत नाही, पण पैसा निदान फिरून येतो.

किंमत पाडण्याचं उदाहरण पाहायचं तर मदुराईला जावं लागतं. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम भिंग बसवतात, ते तेव्हा परदेशातून यायचं आणि एकाची किंमत शंभर डॉलरच्या आसपास. गरिबाला मग ऑपरेशननंतर जाड भिंगांचा चष्मा. अरविंदने सेवा फाउंडेशनच्या मदतीने १९९२ मध्ये ऑरोलॅब हा कारखाना उभा केला. (सेवाच्या पहिल्या देणगीदारांत स्टीव्ह जॉब्स होते, ५,००० डॉलर दिले होते.) भिंग दहा डॉलरच्या आसपास आलं, मग आणखी खाली. देणगी लागली ती तंत्रज्ञान आणायला आणि मशीन लावायला. नंतर कारखाना विक्रीवर चालू लागला आणि त्याची भिंगं शंभराहून जास्त देशांत गेली. तो ट्रस्टचा असल्यामुळे किंमत वाढवा म्हणून मागे लागणारे शेअरहोल्डर नाहीत.

म्हणून कुठल्या संस्थेला पाचशे रुपये देताना मी ‘किती लोकांना मदत झाली’ याच्याआधी विचारतो, यातून जे बनेल ते कुणाच्या नावावर राहील?

पैसे नसतील तर मराठीसाठी एक काम आहे. एनव्हीडीएसोबत ईस्पीक एनजी हा ओपन सोर्स आवाज येतो आणि त्यात मराठी आहे. आपल्या लिपीत ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला च सारखाच दिसतो, पण आपण तो वेगळा म्हणतो. ‘जरा’ आणि ‘जन्म’ यांतला ज तसाच. कॉम्प्युटरला हे आपोआप कळत नाही, नियम आणि अपवादांची यादी द्यावी लागते. मराठीच्या अशा दोन साध्या टेक्स्ट फाइल गिटहबवर उघड्या आहेत. प्रोग्रॅमिंग थोडंच लागतं, कान जास्त. आवाज इन्स्टॉल करा, वर्तमानपत्रातली एक बातमी त्याच्याकडून वाचून घ्या आणि जिथे कान अडखळेल तो शब्द लिहून पाठवा.