सोलकर, एकनाथ धोंडू

(१८ मार्च १९४८ – २६ जून २००५). भारताचे अष्टपैलू क्रिकेटपटू आणि फॉरवर्ड शॉर्ट लेग या जागेवरील असाधारण क्षेत्ररक्षक. जन्म मुंबईत. वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाचे प्रमुख माळी होते. तेथीलच एका खोलीत सर्व कुटुंब राही. लहानपणी एकनाथ सामन्यांच्या वेळी धावफलक बदलण्याचे काम करीत. शालेय क्रिकेटमधून ते पुढे आले व १९६९ मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळले.

२७ कसोटींत १,०६८ धावा, एक शतक व १८ बळी हे त्यांचे आकडे मध्यम प्रतीचेच वाटतात. तथापि संघात जी जागा रिकामी असेल ती सोलकरांनी भरावयाची, असा त्या काळचा जणू प्रघातच होता. ते डावखुरे फलंदाज. मधल्या फळीत ते खेळत, प्रसंगी सलामीलाही जात. नवा चेंडू मध्यमगतीने टाकीत आणि गरजेनुसार डावखुरी फिरकीही टाकीत. १९७१ मध्ये किंग्स्टन येथे वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचे पाच गडी ७५ धावांत बाद झाले असता त्यांनी दिलीप सरदेसाईंबरोबर १३७ धावांची भागी केली. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत आटोपला, त्यांतील नाबाद १८ धावा त्यांच्या होत्या. एकमेव शतक (१०२) १९७५ मध्ये वानखेडे मैदानावरील पहिल्याच कसोटीत झाले.

त्यांची खरी कामगिरी मात्र फलंदाजापासून तीन-चार पावलांवर घडली. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर व वेंकटराघवन यांच्या फिरकीवर फलंदाज पाय पुढे टाकून बॅट व पॅड एकत्र आणी. कडेला लागून हलकेच उडालेला चेंडू पकडणारा जवळ नसेल, तर हा बचाव निर्धोक ठरे. सोलकर तेथे वाकून उभे राहत; क्षेत्ररक्षकाने शिरस्त्राण घालण्याची पद्धत तेव्हा नव्हती. त्यामुळे फलंदाज पुढे येण्यास कचरत, आणि या धास्तीतून इतरांना मिळालेले बळी सोलकरांच्या नावावर कोठेही नोंदलेले नाहीत. १९७१ च्या ओव्हल कसोटीत पहिल्या डावात ९० धावा काढणाऱ्या ॲलन नॉटचा दुसऱ्या डावात त्यांनी पुढे झेपावून जमिनीलगत घेतलेला झेल प्रसिद्ध आहे. इंग्लंडचा तो डाव १०१ धावांत संपला व भारताने इंग्लंडमध्ये पहिला कसोटी विजय मिळविला. २७ सामन्यांत ५३ झेल हे प्रमाण यष्टिरक्षकेतर खेळाडूंत दीर्घकाळ अजोड मानले गेले.

१९७७ मध्ये कलकत्त्यास इंग्लंडविरुद्ध ते अखेरची कसोटी खेळले. त्यानंतरही काही वर्षे ते मुंबईकडून खेळत होते. मुंबई येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.