हिरव्या बुरशीची नामनिश्चिती

डाळिंबाच्या बागेत मर शिरली, अथवा हळदीचा कंद कुजू लागला, म्हणजे कृषिसेवा केंद्राच्या फळीवरून जी पाकिटे शेतकऱ्याच्या पिशवीत उतरतात, त्यांपैकी एकावर ‘ट्रायकोडर्मा विरिडी’ हे नाव ठसठशीत अक्षरांत छापलेले असते. त्याखाली एक टक्का हे प्रमाण आणि प्रत्येक ग्रॅममध्ये किमान 20 लाख जिवंत घटक असल्याची ग्वाही असते. मातीतील उपद्रवी बुरशींना खाऊन किंवा रोखून ही बुरशी पिकाचे रक्षण करते, ही गोष्ट आता खेड्यापाड्यांतून सर्वश्रुत झाली असून, शेणखतात ती कालवून मुळांशी घालण्याचा परिपाठही रुळला आहे. असे असता, पुण्यातील एका लहानशा प्रयोगशाळेत मातीतील बुरशी ओळखण्याचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या एका बाईंनी, कृषिप्रदर्शनाच्या मांडवात माझ्या हातातील पाकिटाकडे ओझरती नजर टाकून, “बुरशी चांगली असेल हो, पण विरिडी नसणार, बहुधा नसतेच,” असे सहज सांगितले, तेव्हा मी चकित झालो. ज्या मालाला सरकारी नोंदणीची सनद आहे त्याचे नावच चुकीचे असावे, आणि जाणकारांस ते ठाऊक असूनही कोणाची झोप उडू नये, हा प्रकार तरी काय आहे, हे पाहण्यासाठी मी ते पाकीट घेऊनच त्यांच्याकडे गेलो.

पुणे शहराला कवकशास्त्र नवखे नाही. आगरकर संशोधन संस्थेत बुरशींच्या जिवंत संवर्धनांचे राष्ट्रीय भांडार आहे आणि वाळवून जपलेल्या नमुन्यांचा, आजरेकरांचे नाव धारण करणारा संग्रहही आहे. बाईंचा कारभार त्या मानाने अगदी लहान: व्हरांड्याच्या टोकाची एक खोली, दोन इन्क्युबेटर, एक सूक्ष्मदर्शक आणि पुठ्ठ्याच्या बांधणीची एक जाडजूड नोंदवही. माती पाण्यात खळखळून, ते पाणी टप्प्याटप्प्याने विरल करून पोषक माध्यमावर पसरायचे आणि उगवलेल्या वसाहतींतून एकेक बीजुक वेगळे काढून स्वतंत्र प्लेटमध्ये वाढवायचे, एवढे सांगितले म्हणजे प्रारंभीच्या कामाचे वर्णन संपते.

त्यानंतर मात्र जे घडते ते कोणत्याही नियमावलीत सापडणार नाही. इन्क्युबेटरमधून काढलेल्या, मध्यभागी पांढऱ्या आणि कडेकडेने हिरव्या वलयांनी भरलेल्या एका प्लेटचे झाकण बाईंनी बोटभर वर केले, ती नाकापासून वीतभर अंतरावर धरली, आणि “बघा,” म्हणून माझ्यापुढे केली. प्लेट हुंगू नये, हा प्रयोगशाळेतील पहिला दंडक. तो मोडताना त्यांच्या चेहऱ्यावर किंचितही संकोच नव्हता. आणि त्या काचेच्या बशीतून, जिथे माती नाही, झाड नाही, केवळ बटाट्याचा अर्क, साखर आणि अगार आहे, तिथून खोबऱ्याचा स्वच्छ, गोडसर वास आला. बाई मालवणकडच्या, त्यांचे म्हणणे असे की हा वास ताज्या खवलेल्या नारळाचा नव्हे, तर कौलांवर चार दिवस उन्हात पडलेल्या कवडीचा आहे, आणि या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार माझ्यासारख्या देशावरच्या माणसाला नाही. या वासाचे कारण ‘सिक्स-पेंटिल-पायरोन’ नावाचे द्रव्य असून, खाद्यपदार्थांना नारळाचा स्वाद आणण्यासाठी तेच द्रव्य वापरले जाते. ट्रायकोडर्मा या प्रजातीतील काही जाती ते विपुल निर्माण करतात, काही अल्प, काही मुळीच नाही. ‘ॲट्रोविरिडी’ ही जात तर या वासासाठी प्रसिद्धच आहे. पण एकाहून अधिक जातींना हा वास येत असल्यामुळे नुसत्या वासावर नाव ठरत नाही. हे सांगून झाल्यावरही बाईंनी झाकण लावण्यापूर्वी प्लेट पुन्हा एकदा हुंगली.

सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या रंगद्रव्यात बुडवलेला तंतूंचा पुंजका पाहिला, तर प्रथम काहीच उमजत नाही. डोळा स्थिरावल्यावर फांद्यांना फुटलेल्या फांद्या, त्यांच्या टोकांशी बुडाला फुगीर आणि तोंडाशी निमुळत्या अशा सूक्ष्म कुप्या, आणि प्रत्येक कुपीच्या मुखाशी बीजुकांचा चिकट गोळा दिसू लागतो. एका बीजुकाचा व्यास एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट-चौपट. खऱ्या विरिडीचे बीजुक गोल आणि अंगावर ठळक खरबरीत पुटकुळ्या असलेले, ‘ॲस्पेरेलम’ नावाच्या जातीचे किंचित लांबट आणि पुटकुळ्या इतक्या बारीक की त्या आहेत की नाहीत अशी शंका यावी, ‘हर्झियानम’चे गुळगुळीत. माझ्या पाकिटातील बीजुकांकडे बाई बराच वेळ बघत राहिल्या, फोकसचे चाक केसभर पुढे, केसभर मागे करीत राहिल्या, आणि मग वहीत ‘बारीक’ एवढा एकच शब्द त्यांनी लिहिला.

या प्रजातीची कागदपत्रे जुनी आहेत. पेर्सून याने 1794 साली तिची स्थापना करताना तिच्यात चार जाती घातल्या होत्या. पुढच्या चाळणीत त्यांतली एकटी विरिडी टिकली. दीर्घकाळ असा समज होता की मातीतील हिरवी बुरशी म्हणजे विरिडीच, आणि त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांतून तिच्या नावावर वाटेल तो जीव चढवला गेला. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती कापडाचे सामान कुजवणारी बुरशीही आधी विरिडी म्हणूनच नोंदली गेली होती. 1977 साली तिला ‘रीसाय’ हे स्वतंत्र नाव मिळाले, आणि तंतुमय पदार्थ विरघळवणाऱ्या विकरांच्या उद्योगात आज तिचा मोठा वाटा आहे. इंडोनेशियाचे रिफाई यांनी 1969 मध्ये या गोंधळाची झाडाझडती घेऊन नऊ गट पाडले, आणि ते एकेका जातीचे नसून जातींचे समुच्चय आहेत, हे प्रामाणिकपणे नमूद केले. 1999 मध्ये विरिडीच्या समुच्चयातून ॲस्पेरेलम अधिकृतपणे वेगळी काढण्यात आली. 2020 च्या मध्यापर्यंत वैध नावाच्या आणि जनुकीय नोंद असलेल्या जातींची संख्या 375 वर गेली. नवाचे 375! महसुली दप्तरात एका गटनंबराचे वारसांत तुकडे पडत जावेत तसा हा हिशेब आहे, फरक इतकाच की इथे वारस आधीपासूनच स्वतंत्र नांदत होते आणि फेरफार तेवढा उशिरा झाला.

हे तुकडे पाडायचे कशावर? बाईंच्या तोंडी या प्रश्नाचे उत्तर एका आकड्याने सुरू होते: 97. सर्व बुरशींसाठी सामान्य ओळखपट्टी म्हणून वापरला जाणारा आयटीएस हा जनुकीय भाग या निकटच्या जातींत जवळजवळ सारखाच असल्यामुळे निरुपयोगी ठरतो. म्हणून ‘टेफ-वन’ आणि ‘आरपीबी-टू’ या दोन जनुकांची अक्षरमाला वाचून ती प्रमाण-नमुन्याशी ताडून पाहायची, आणि पहिल्यात 97 टक्के व दुसऱ्यात 99 टक्के साम्य भरले तर जात तीच मानायची, असा संकेत या विषयातील अधिकारी मंडळींनी घालून दिला आहे. “97 च्या खाली गेलं की दुसरी,” बाई म्हणाल्या. मी विचारले, 97 च का, साडेशहाण्णव का नाही? त्या हसल्या आणि म्हणाल्या, “कुठंतरी बांध घालावाच लागतो ना.” हे उत्तर मला पुरेसे वाटले नाही, बीजुकांच्या पुटकुळ्या निदान बुरशीच्या अंगावर असतात, 97 हा आकडा माणसाच्या सोयीने उभा राहिलेला आहे. पण त्याच बाईंनी पुढे जी हकीकत सांगितली तिने माझा ताठा बराच उतरवला.

1985 मध्ये उत्तर आयर्लंडमधील अळिंबी-उत्पादकांच्या वाफ्यांवर हिरवी बुरशी तुटून पडली आणि पुढे उत्तर अमेरिकेतही तिने हाहाकार उडवला. सूक्ष्मदर्शकाखाली ती हर्झियानम दिसत होती. आणि हर्झियानम तर पिकांचा रक्षक म्हणून बाजारात विकली जात होती! रक्षकच अळिंबीचा काळ ठरला की काय, असा संशय साहजिकच बळावला. जनुकीय तपासणीत दोघी भिन्न निघाल्या, अपराधी जातीला 2002 साली ‘ॲग्रेसिव्हम’ हे नाव मिळाले, आणि रक्षक निर्दोष सुटली. डोळ्याला जो फरक दिसत नव्हता त्यावर किती लोकांचा चरितार्थ अवलंबून होता, हे ध्यानात घेतले म्हणजे 97 च्या बांधाची कुचेष्टा करणे जड जाते. अर्थात रक्षक म्हणवणाऱ्यांचीही पुढे झडती झालीच: 2015 च्या एका अभ्यासात हर्झियानमच्या समुच्चयात किमान 14 जाती निघाल्या आणि त्या नावाने विकले जाणारे बरेचसे वाण भलत्याच जातींचे ठरले.

माझ्या पाकिटाचा निकाल काही काळाने आला. ॲस्पेरेलम, दोन्ही कसोट्यांवर निःसंदिग्ध. खरी विरिडी मुख्यतः थंड, समशीतोष्ण मुलखातील. आपल्याकडच्या तापलेल्या मातीत राबणारी ही तिची रूपसदृश भगिनी निराळी. मग पाकिटावर ॲस्पेरेलम का छापत नाहीत? बाईंचा खुलासा सरळ होता. कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी ज्या नावाने झाली त्याच नावाने माल विकावा लागतो. नाव बदलायचे म्हणजे नवा अर्ज, नवे दाखले, नव्या चाचण्या. “शेतकऱ्याचं काही बिघडत नाही,” असे त्या म्हणाल्या खऱ्या, पण मला ते पटलेले नाही. ज्या बुरशीच्या गुणदोषांवर शिफारस उभी आहे ती बुरशी कोणती, हे सांगण्यास जो कागद असमर्थ आहे त्याला दाखला म्हणणे धाडसाचेच आहे.

नोंदवहीत त्या दिवशी आणखी एक नोंद व्हायची होती. मुळशीकडच्या एका राईतील मातीतून निघालेल्या, खोबऱ्याच्या वासाच्या त्याच बुरशीचे ‘आरपीबी-टू’ 99 च्या वर बसत होते आणि ‘टेफ-वन’ 97 च्या किंचित खाली. मी उत्साहाने म्हणालो, “बाई, म्हणजे ही नवी जात!” त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. नव्या नावासाठी प्रमाण-नमुना जपून ठेवावा लागतो, वर्णन प्रसिद्ध करावे लागते आणि नोंदणीक्रमांक घ्यावा लागतो. वर्णन लॅटिनमध्येच असावे ही सक्ती 2012 पासून उठली असल्यामुळे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, आणि बाईंच्या मते तीच अडचण आहे. “एका नमुन्यावर नाव काढणारे काढतात,” त्या म्हणाल्या, “मी नाही काढत.” वहीत त्यांनी ‘ट्रायकोडर्मा, जाती अनिर्णित’ असे लिहिले, त्यापुढे दोन्ही टक्केवाऱ्या, आणि शेऱ्याच्या रकान्यात: ‘पुढील पावसाळ्यात त्याच राईतून माती आणणे, निदान चार नमुने.’