बुळकांडीचा धडा : गोठा आणि रान

बुळकांडी हा शब्द आजच्या विद्यार्थ्यांच्या कानावर क्वचितच पडला असेल. जुन्या पिढीतील शेतकऱ्याला मात्र या नावाने धडकी भरत असे. जनावराला तीव्र ताप येई, डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहे, तोंडात व्रण पडत, मग हगवण लागे आणि आठ-दहा दिवसांत जनावर दगावे. या रोगाचे कारण म्हणजे एक विषाणू.

विषाणू हा जिवाणूपेक्षाही कितीतरी लहान असतो. तो स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. प्राण्याच्या पेशीत शिरूनच तो आपली संख्या वाढवितो. जिवाणूंना मारणारी प्रतिजैविके त्याच्यावर चालत नाहीत. म्हणून विषाणूजन्य रोगांत उपचारापेक्षा प्रतिबंधाला, म्हणजेच लसीला, अधिक महत्त्व आहे.

बुळकांडीने केवढा अनर्थ होऊ शकतो हे आफ्रिकेने पाहिले. १८८७ च्या सुमारास हा रोग इरिट्रियात शिरला आणि दहा वर्षांत खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. अनेक भागांत शेकडा ८० ते ९० गुरे मेली. इथिओपियात बैलच न उरल्याने नांगर थांबले आणि भीषण दुष्काळ पडला. रानातील म्हशी व हरणवर्गीय प्राणीही मोठ्या संख्येने मेले.

भारतात या रोगाशी झुंज देण्यासाठी १८८९ साली पुण्यात एक प्रयोगशाळा सुरू झाली. १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. हीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था होय. तेथे १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी शेळ्यांच्या शरीरातून विषाणू पुन्हा पुन्हा नेऊन तो सौम्य केला व त्यापासून लस तयार केली. पुढे १९६० च्या सुमारास केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी अधिक निर्धोक लस सिद्ध केली.

आता मुख्य प्रश्न असा की, गुरांना लस टोचता येते, पण रानातल्या प्राण्यांना कोण टोचणार? रानटी प्राणी हेच रोगाचे कोठार आहेत आणि तेथून तो गोठ्यात येतो, असा अनेकांचा समज होता. टांझानियातील सेरेंगेटीच्या माळरानावर याचे उत्तर मिळाले. तेथे आजूबाजूच्या गावांतील गुरांना लस देण्यात आली आणि विल्डबीस्ट या हरणवर्गीय प्राण्यांमधील बुळकांडी आपोआप नाहीशी झाली. १९६१ मध्ये सुमारे अडीच लाख असलेली त्यांची संख्या १९७७ पर्यंत १३ लाखांच्या आसपास गेली. म्हणजे विषाणूचे खरे घर गोठ्यात होते, रान हे त्याचे बळी होते.

भारतात बुळकांडीची शेवटची लागण १९९५ मध्ये झाली. २०११ साली जगातून हा रोग नष्ट झाल्याचे जाहीर झाले. मानवाच्या देवीनंतर समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग. या विषाणूचा एकच प्रकार होता, तो शरीराबाहेर फार काळ टिकत नसे आणि रोगातून वाचलेल्या जनावराला जन्मभर संरक्षण मिळे. म्हणूनच हे शक्य झाले.

सर्वच विषाणू इतके सरळ नसतात. कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू बुळकांडीच्याच कुळातला. १९९४ मध्ये सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंह त्याने मारले. आपल्याकडे गीरच्या जंगलात २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये २३ सिंह मेले, त्यांपैकी काहींमध्ये हाच विषाणू आढळला. हा विषाणू अनेक जातींच्या मांसाहारी प्राण्यांत राहतो. त्यामुळे केवळ कुत्र्यांना लस देऊन तो संपत नाही. तरीही जंगलालगतच्या गावांत कुत्र्यांना लस देणे हिताचेच आहे. त्याच वेळी रेबीजची लस दिल्यास माणसांचेही रक्षण होते.

याच कुळातला तिसरा रोग म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर. २०१६-१७ च्या हिवाळ्यात मंगोलियात या रोगाने सायगा जातीची हजारो रानटी हरणे मेली. त्याआधी तो तेथील पाळीव शेळ्या-मेंढ्यांत आला होता. ज्या भूमिहीन कुटुंबाची सारी पुंजी म्हणजे चार शेळ्या, त्याचे घर हा रोग एका आठवड्यात रिकामे करतो. वास्तविक याची चांगली लस उपलब्ध आहे आणि एका टोचणीने किमान तीन वर्षे संरक्षण मिळते.

तेव्हा प्रत्येकाने एवढे लक्षात ठेवावे. पिले तीन-चार महिन्यांची झाली की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन पीपीआरची लस टोचून घ्यावी. बाजारातून आणलेले जनावर दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे. आजारी जनावर कळपाबरोबर चरायला सोडू नये, तसेच ते घाईने विकूही नये, कारण त्याबरोबर रोगही दुसऱ्याच्या दारी जातो. मेलेले जनावर ओढ्यात किंवा रानात न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. लस टोचली की ताप येतो, दूध आटते, अशी भीती काही घरांत असते. एक-दोन दिवसांचा किरकोळ त्रास आणि सारा कळप गमावणे यांतील फरक विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगावा. गावातील एका शेळीला टोचलेली सुई गावाबाहेरच्या हरणालाही वाचवू शकते.