आधी काय, मग काय

ग्रामसभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, तेव्हा तिच्यातले पहिला आणि शेवटचा हे दोन विषय महाराष्ट्रात कुठेही गेलात तरी तेच असतात. पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचा, माननीय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. खरी सभा बहुधा या शेवटच्या विषयावरच रंगते. कुणाच्या दारातली गटार तुंबलेली असते, कुणाचे घरकुल यादीतून गळालेले असते, कुठला पथदिवा गणपतीपासून बंद असतो. या दोहोंच्या मध्ये गेल्या दहा वर्षांत आणखी एक विषय कायमचा मुक्कामाला आला आहे: पुढील वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करणे. विषय वाचला की अर्धी सभा चुळबुळ करू लागते. गावाला पैसा कुठून येणार आणि कुठे जाणार, ते मात्र बरेचसे याच विषयावर ठरते.

आराखड्याचा कायदेशीर पाया जुना आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि अनुच्छेद २४३ छ ने पंचायतींकडे आर्थिक विकासाच्या आणि सामाजिक न्यायाच्या योजना आखण्याचे काम सोपवले. अकराव्या अनुसूचीत २९ विषयांची यादीही दिली. काम सोपवले, पण पैसे कुठून आणायचे हे मोघमच राहिले. केरळने ही कोंडी सगळ्यांच्या आधी फोडली. १७ ऑगस्ट १९९६ रोजी तिथे लोकयोजना मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे वळवायचे ठरले. आधी पैसा दिला, मग योजना करायला सांगितले. हा क्रम उलटा वाटतो, पण लोकांना सभेला आणण्याची ताकद त्यातच होती. हातात काही येणार असेल तरच माणूस कामाचा खाडा करून सभेला बसतो.

महाराष्ट्रात तो दिवस उजाडला २०१५ साली. चौदाव्या वित्त आयोगाने पाच वर्षांसाठी देशभरातल्या ग्रामपंचायतींना दोन लाख कोटी रुपयांहून थोडे अधिक द्यावेत अशी शिफारस केली आणि हा निधी जिल्हा परिषद, पंचायत समिती यांना वगळून सरळ ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला. त्यासाठी आराखडा हवा होता. राज्याने त्याच वर्षी 'आमचं गाव, आमचा विकास' हा कार्यक्रम काढला. 'यशदा' या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेने प्रशिक्षणे घेतली, गावोगावी प्रभारी अधिकारी नेमले गेले आणि सरपंच-ग्रामसेवकांच्या बोलण्यात ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी 'जीपीडीपी' हा शब्द रुळला.

पद्धत कागदावर देखणी आहे. गावात वातावरणनिर्मिती करायची, प्रभातफेरी काढायची, मग शिवारफेरी. शिवारफेरीत पदाधिकारी, कर्मचारी आणि गावकरी वस्त्यांतून, ओढ्याच्या काठाने, स्मशानभूमीच्या रस्त्याने पायी फिरतात. त्यानंतर शाळेच्या पटांगणात किंवा देवळापुढे गावाचा सामाजिक नकाशा काढतात. लोकसहभागाच्या ज्या तंत्रांना 'पीआरए' म्हणतात त्यांपैकी हे सगळ्यांत गमतीचे. रांगोळीने रस्ते ओढायचे, गुलालाने घरे दाखवायची, खडे ठेवून विहिरी, पाने ठेवून झाडे. नकाशा उभा राहू लागला की गर्दी आपोआप जमते, कारण आपले घर चुकीच्या जागी पडलेले कुणालाच खपत नाही.

या नकाशातून बाहेर येणाऱ्या गोष्टी अहवालात सापडणार नाहीत. पुरुष नकाशा काढतात तेव्हा वेस, कमान, समाजमंदिर, पार ठसठशीत उमटतात. बायका पुढे झाल्या की हातपंप येतो, त्याच्याभोवतीचा चिखल येतो, पाणवठ्यापासून घरापर्यंतची वाट येते आणि त्या वाटेवरची दिवा नसलेली जागा येते. कायद्याने नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा ठेवली ती यासाठीच. चार बाया एकत्र बसल्या तर जे बोलतील, ते सासरे-दीर समोर खुर्चीत बसलेले असताना बोलतीलच असे नाही. महिला सभा झाल्याची नोंद प्रत्येक गावात असते. ती झाली का, हे गावातल्या बायकांनाच विचारावे.

आराखडा एकट्या पंचायतीने करायचा नसतो. टेबलाभोवती आशा सेविका, अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक, कृषी सहायक, बचतगटांच्या प्रतिनिधी, तरुण मंडळ, एखादी संस्था, अशी सगळी मंडळी असावीत अशी कल्पना आहे. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या पिशवीत आपापला आराखडा असतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती शाळा विकास आराखडा करते. आरोग्य, पोषण आणि स्वच्छतेच्या ग्राम समितीचा वेगळा आराखडा असतो आणि तिच्याकडे वर्षाला दहा हजारांचा अबंधित निधी असतो. रोजगार हमीचे 'लेबर बजेट' निराळे, जलजीवन मिशनची गाव कृती योजना निराळी, बचतगटांचा आराखडा आणखी निराळा. एकाच हजार-बाराशे वस्तीच्या गावात अर्धा डझन आराखडे नांदतात आणि त्यातले निम्मे एकमेकांना ओळखतही नाहीत. शाळेच्या संडासाला पाणी नाही, हे शाळेच्या कागदात लिहिलेले असते. पाइपलाइन शाळेच्या दारावरून पुढे जाते, हे पंचायतीच्या कागदात.

मग येते ग्रामसभा आणि गणपूर्ती. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे हवीत. शंभर माणसे गावच्या जत्रेच्या बैठकीला सहज जमतात, आराखड्याला जमत नाहीत. सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. त्यामुळे वर्षभराच्या कामांचा निर्णय कधीकधी पंधरा-वीस जणांच्या बैठकीत होतो आणि सह्यांचे रजिस्टर मागाहून वाडीवाडीत फिरते. अशा बैठकीतला निर्णय बेकायदा नाही. रजिस्टर फिरवणे मात्र बेकायदाच.

पण सगळा दोष गावकऱ्यांच्या आळसावर ढकलणे सोपे आहे. पंधराव्या वित्त आयोगाचे हिशेब पाहा. २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस होती, आणि त्यातला ६० टक्के निधी 'बंधित'. त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेला ४० टक्के 'अबंधित', पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात या वेळी एकूण निधीचा दहा टक्के वाटा जिल्हा परिषदेला आणि दहा टक्के पंचायत समितीला परत गेला. समजा गावाच्या खात्यात दहा लाख आले. सहा लाखांचे काय करायचे ते दिल्लीत ठरलेले आहे. उरलेल्या चारमध्ये रस्ता, दिवाबत्ती, अंगणवाडीची फरशी, दवाखान्याची दुरुस्ती, सगळे बसवायचे.

पाण्यावर आणि स्वच्छतेवर सक्तीने खर्च करायला लावणे चुकीचे, असे म्हणवत नाही. बंधन नसते तर कित्येक गावांत तो पैसा पेव्हर ब्लॉकमध्ये आणि प्रवेशद्वाराच्या कमानीत गेला असता. तरीही ज्या गावात नळाला पाणी आहे आणि दवाखान्याला रस्ता नाही, त्या गावाने क्रम ठरवायचा तरी कसला? तिथे लोक फक्त मागण्या सांगतात, ग्रामपंचायत अधिकारी त्या संगणकात बसतील अशा रीतीने 'ई-ग्रामस्वराज' या पोर्टलवर चढवतो. मागणी करायला शेजाऱ्याशी भांडावे लागत नाही. क्रम लावायला भांडावे लागते, कारण कुणाचे तरी काम मागे पडणार असते. ज्या गावांचे आराखडे चालले, तिथे हे भांडण टळले नाही, पार पडले.

हिवरेबाजारचे नाव आता इतक्या भाषणांत येते की ते ऐकून माणूस कान मिटतो. एका नेत्याच्या नावाभोवती गावाची ओळख फिरावी याचा काहींना कंटाळाही आहे, आणि तो अगदीच अनाठायी नाही. पण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावाच्या ताळेबंदाकडे नीट पाहिले पाहिजे. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले तेव्हा गाव पर्जन्यछायेतले, टँकरवरचे, तरुणांनी सोडलेले होते. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले आणि १९९५ पासूनचा पंचवार्षिक आराखडा ठरला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, समतल चर, बंधारे, हे सगळे पुष्कळ गावांनी केले आहे. हिवरेबाजारने त्यापुढे जाऊन पाण्याचा हिशेब मांडला.

पावसाळा सरला की गाव पर्जन्यमापकाचे आकडे आणि निरीक्षण विहिरींची पातळी घेऊन बसते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीने त्या वर्षी किती पाणी हाताशी आहे ते काढतात. पहिला वाटा माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचा, मग घरगुती वापर, त्यानंतर शेती. पाऊस कमी असेल तर उन्हाळी पीक नाही, आणि हे ग्रामसभेत जाहीर होते. उसासारखे जास्त पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, शेतीसाठी बोअर मारायची नाही. आपल्याच मालकीच्या जमिनीत आपल्याच खर्चाने बोअर मारू नये, हे शेजाऱ्याने सांगायचे आणि शेतकऱ्याने ऐकायचे! १९९५ मध्ये दारिद्र्यरेषेखाली १६८ कुटुंबे असलेल्या या गावात पुढे ती संख्या तीनवर आली, हा आकडा सर्वत्र छापला जातो. त्यामागची बोअरबंदी फारशी छापली जात नाही, कारण ती ऐकणाऱ्याच्या खिशाला लागते.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे पाचशेच्या आसपास वस्तीचे गोंड गाव आहे. तिथे प्रश्न बांबूचा होता. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये त्याची गणना होते. हक्क मिळूनही बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

मेंढ्याची रीत दोन पायऱ्यांची आहे. अवघड विषय आधी अभ्यासगटात येतो. तिथे निर्णय करायचा नसतो, फक्त समजून घ्यायचे असते: कायदा काय सांगतो, बांबू किती वर्षांनी तोडावा, दुसऱ्या गावात काय झाले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या गावातल्या आणि बाहेरच्या मंडळींची मैत्री इथे कामी आली. बाहेरचा माणूस अभ्यासगटात बोलू शकतो, ग्रामसभेत मत देऊ शकत नाही. निर्णय ग्रामसभेत आणि सर्वसहमतीनेच. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर. दारूबंदीसारख्या विषयाला यात महिनेच्या महिने गेले तरी बहुमताचा रस्ता धरला नाही. वेळ खाणारी पद्धत आहे, घाईच्या माणसाला ती सोसणार नाही. पण एकदा ठरले की अंमलबजावणीला पोलीस लागत नाहीत. २०१३ मध्ये या गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली जमिनी ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णयही याच रीतीने तडीस नेला.

पैसा खऱ्या अर्थाने गावाचा असतो तो घरपट्टी-पाणीपट्टीचा, म्हणजे स्वनिधी. त्यालाही वाटे ठरलेले आहेत: पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी. पण वसुलीच नसेल तर टक्के कशाचे काढणार? छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने यावर व्यवहारी तोडगा काढला. कर पूर्ण भरणाऱ्या कुटुंबाला पंचायतीच्या गिरणीवर वर्षभर दळण फुकट. थकबाकीदाराला दळणाच्या रांगेत शेजारणीसमोर उभे राहून पैसे मोजावे लागतात. तहसीलच्या नोटिशीपेक्षा ही रांग कर वसुलीला अधिक उपयोगी पडली असणार, असा अंदाज करायला हरकत नाही.

सगळ्यांत मागे राहतात त्या वाड्या-वस्त्या. कोकणातली दहा-बारा वाड्यांची पंचायत असो की नंदुरबारमधली पाड्यांची, कामे मूळ गावठाणात जातात, कारण सभा तिथे होते आणि सदस्य तिथले असतात. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या 'पेसा' या केंद्रीय कायद्याचे नियम राज्याने मार्च २०१४ मध्ये केले, त्यांत पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची वाट ठेवली. पाठोपाठ २०१५ मध्ये आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा पंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला. तो अबंध आहे, लोकसंख्येच्या प्रमाणात गावागावांत वाटायचा आहे आणि काय करायचे ते त्या-त्या गावाच्या ग्रामसभेने ठरवायचे आहे. रक्कम मोठी नसते. पण ती आली की पाड्यावर सभा घ्यावीच लागते, आणि तिथे खावटीच्या कर्जापासून आश्रमशाळेच्या रस्त्यापर्यंतचे विषय निघतात. काही पाड्यांनी त्यातून नुसतीच भांडी आणि मंडप घेतले, अशी तक्रार अधिकारी करतात. लग्नाला दरवेळी तालुक्याहून भाड्याने मंडप आणायला किती पैसे आणि किती फेऱ्या लागतात, हे पाड्यावरच्या माणसाला विचारले तर त्या खरेदीचा हिशेब लगेच लागतो.